ज्याचं चित्र, त्याचाच हात

भिंतीवरचा गोंद ओल्या फडक्याने निघेना, तेव्हा मोठ्या बाई सरळ जमिनीवर बसल्या आणि लाकडी पट्टीच्या कडेने तो खरवडू लागल्या. दाराजवळच्या फलकाच्या खाली, जमिनीपासून जेमतेम दोन हात उंचीवर कुणीतरी कागद चिकटवला होता. कागदावर एक माणूस होता. वाटोळे डोके, त्या डोक्यातूनच फुटलेले दोन पाय आणि कागदाच्या दोन्ही कडांपर्यंत पोचलेले लांबलचक हात. या आठवड्यातला हा तिसरा. आधीचे दोन बाईंनी असेच काढले होते, नीट घडी घालून कपाटात ठेवले होते आणि ते कुणी लावले याची चौकशी केली नव्हती. चौकशी करण्यासारखे त्यात काही नव्हते. कुणी लावले ते त्यांना पक्के ठाऊक होते.

"एवढा राहू द्या ना, बाई," मागून धाकट्या बाई हळूच म्हणाल्या.

"आज एक राहिला की उद्या पंचवीस होतील," मोठ्या बाई मान न वळवता म्हणाल्या. "आणि मग ती भिंत राहणार नाही, उकिरडा होईल."

धाकट्या बाई ओले फडके पिळू लागल्या. त्यांना इथे येऊन दीड वर्ष झाले होते आणि मोठ्या बाईंनी मान न वळवता सांगितलेल्या गोष्टीवर पुढे बोलायचे नसते, हे त्या पहिल्या आठवड्यातच शिकल्या होत्या.

मोठ्या बाई चौतीस वर्षे ही बालवाडी चालवत होत्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे फरशीचे छोटे अंगण, अंगणाला तीन पायऱ्या, गुडघ्याएवढ्या खुर्च्या आणि तीन ते पाच वर्षांची पंचवीस मुले. एवढ्या वर्षांत त्यांच्या दारातून एकही मूल चुकीच्या माणसाबरोबर गेले नव्हते. या एका गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा दुसऱ्या कशाचाही नव्हता, आणि तो लपवण्याची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. त्यासाठीच तो फलक होता. फलकावर प्रत्येक मुलाची एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला मुलाचा फोटो आणि पुढे त्याला न्यायला येणाऱ्या माणसांचे फोटो. साडेबाराला घरी जाताना मुलाने आधी त्या फोटोवर बोट ठेवायचे, मग दारातल्या माणसाचा हात धरायचा. पंचवीस मुले रोज एका सुरात म्हणत, "ज्याचं चित्र, त्याचाच हात."

हा नियम बाई कुणासाठीही वाकवत नसत. दोनच महिन्यांपूर्वी एका मुलाचा सख्खा काका त्याला न्यायला आला होता. हा मुलगा प्रत्येक गोष्टीवर वाद घालत असे, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. काकाचा फोटो फलकावर नव्हता. वकिलाने रडून आकाश डोक्यावर घेतले, काकाने ओळखपत्र काढून दाखवले. पण बाईंनी काकाला पायरीवर पाऊण तास उभे केले आणि आई येईपर्यंत पोराला सोडले नाही. ते सगळ्या मुलांनी दारात दाटी करून पाहिले होते. पुढे कितीतरी दिवस मुलांमध्ये तोच खेळ चालला होता. एकाने काका व्हायचे, बाकीच्यांनी त्याला आत घ्यायचे नाही.

आणि मग भिंगरीचा बाबा गेला.

भिंगरी हे नाव तिला बाईंनीच दिले होते. साडेचार वर्षांची ती पोर एका जागी ठरत नसे. बोलताना गोल फिरायची आणि फिरताना बोलायची. तिचा बाबा खिडक्यांना काचा बसवायचे काम करी. दुपारच्या सुट्टीत तोच तिला न्यायला येई. पायरीवर हात पँटला पुसून मगच तिला उचली, न जाणो काचेचा कण राहिला असला तर. एके दिवशी तो आला नाही, शेजारीण आली, जिचा फोटो सुदैवाने फलकावर होता. कामावर असतानाच त्याच्या छातीत कळ आली होती आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते.

भिंगरी दहा दिवस आली नाही. ती येणार त्याच्या आदल्या दुपारी मोठ्या बाई फलकापुढे स्टूल ओढून बसल्या आणि फलकावरचा बाबाचा फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. रिकामी जागा डोळ्यात भरू नये म्हणून आईचा आणि शेजारणीचा फोटो एकेक घर अलीकडे सरकवला. मुलांना गोलात बसवून सांगितले, की भिंगरीसमोर बाबाचे नाव कुणी काढायचे नाही. भिंगरीच्या आईनेही फोनवर तेच बजावले होते. बाबाला लांबच्या गावी मोठे काम मिळाले आहे, असे घरी सांगून ठेवले आहे, तेवढे सांभाळा. धाकट्या बाईंनी त्या वेळी चाचरत म्हणून पाहिले होते, की फोटो काढण्याआधी तिला विचारले तर, प्रशिक्षणात असे सांगितले होते की… त्यांचे वाक्य पुरे झालेच नाही. "पोर दारातून आत आली की पहिलं तेच दिसणार तिला," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "तिच्या डोळ्यांसमोर काटा ठेवू? पुस्तकं नंतर. आधी पोर."

पोर आली ती थेट फलकापाशी गेली. स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून ती ओळीवरून बोट पुढे नेऊ लागली. आई. शेजारची काकू. बोट ओळीच्या टोकाशी थांबले, मागे आले, पुन्हा गेले. मग तिने चपला काढून जागेवर ठेवल्या आणि ती खुर्चीवर जाऊन बसली. ती फिरली नाही, बडबडली नाही, डबा सांडला नाही. स्वच्छतेचे काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बरं झालं बाई, लेकराला काही उमगलं नाही अजून." मोठ्या बाईंनाही तसेच वाटले आणि त्यांना हायसे वाटले. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा तरी दुसऱ्या मुलांना सांगितले, बघा, भिंगरी कशी शहाण्यासारखी बसते.

त्यानंतर भिंतीवर कागद दिसू लागले.

तिसरा कागद निघाला त्याच दिवशी, साडेबाराला, भिंगरीची आई दारात येऊन उभी राहिली. मुले ओळीने फोटोंवर बोटे ठेवत होती. भिंगरीचा नंबर आला तेव्हा तिने वर पाहिलेच नाही. खाली, जिथे भिंत अजून ओली होती, तिथे तिने दोन्ही तळवे टेकले.

"तुम्ही परत काढलंत," ती म्हणाली.

भिंतीला गोंद लावायचा नसतो, हे बाई सांगू लागल्या. भिंगरीने ते ऐकले नाही.

"बाबाचं चित्र नाही तर बाबाचा हात नाही. तुम्हीच म्हणता. तो येतो आणि तुम्ही त्याला पायरीवर उभा करता. वकिलाच्या काकाला केलंत तसं. मग तो कंटाळून जातो." तिचा आवाज चढला नव्हता, जे रोज घडते ते ती सांगत होती. "मी लावलं की तुम्ही काढता. म्हणून तो येत नाही."

आईने दारातूनच दोन पावले पुढे टाकली, लेकीला कडेवर घेतले आणि ती पायऱ्या उतरून गेली. आज भिंगरीने कुठल्याच फोटोवर बोट ठेवले नव्हते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एक मूल नियम न पाळता दारातून बाहेर पडले आणि मोठ्या बाईंच्या ते लक्षातही आले नाही.

मुले गेल्यावर त्या छोट्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्च्यांवर त्या कधी बसत नसत. मावशींनी पाणी आणून दिले आणि आपल्या परीने तोडगाही सुचवला. तारा झाला म्हणावे. दिवसा दिसत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. बाई म्हणाल्या, "तारा सांगितला की ती उद्या शिडी मागेल, मावशी."

त्यांना खाट आठवत होती. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांना काही दिवस आईच्या बहिणीकडे धाडले होते. परत आल्या तेव्हा मधल्या खोलीतली वडिलांची खाट नव्हती. खाटेच्या चार पायांचे चार डाग तेवढे फरशीवर उरले होते. खाट कुठे गेली, असे त्यांनी विचारले. आईने तोंड फिरवले, आत्याने हातावर खाऊ ठेवला. मग त्यांनी विचारायचे सोडून दिले आणि त्या चार डागांच्या मधोमध जाऊन बसू लागल्या, कारण खाट परत आली तर ती तिथेच येणार, हे उघड होते. आल्यागेल्या बायका म्हणत, किती शहाणी पोर, एका जागी बसते. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती, मुलांना सांगितली नव्हती. खरे तर साठ वर्षांत त्यांनी ती स्वतःलाही सांगितली नव्हती.

"तुमच्या त्या प्रशिक्षणात," त्या अखेरीस म्हणाल्या, "काय सांगितलं होतं?"

धाकट्या बाईंना आधी हा टोमणाच वाटला. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या. सांगण्यासारखे फार नव्हते. मुलाला खरे सांगायचे, आणि साध्या शब्दांत. मेला, हाच शब्द वापरायचा. झोपला नाही, हरवला नाही, गावाला गेला नाही. विचारेल तितक्या वेळा तेच उत्तर द्यायचे. त्याच्यामुळे झाले नाही, हे त्याने विचारले नाही तरी सांगायचे. आणि मूल मध्येच खेळायला पळाले तर पळू द्यायचे.

"एवढंच?"

"एवढंच. पण ते घरच्यांनी सांगायचं असतं, बाई. आपण सोबत करायची."

मोठ्या बाईंनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि त्या उठल्या.

भिंगरीचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. दाराशी बाबाच्या चपला तशाच होत्या, खिडकीत मोजपट्टीची गुंडाळी आणि काच कापायची हत्यारे होती. भिंगरी खाली शेजारणीकडे खेळत होती. आईने बाईंना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली. आज दुपारचा विषय बाईंनी काढल्याबरोबर तिने हात वर करून त्यांना थांबवले.

"मला ठाऊक आहे तुम्ही काय सांगणार. पण मला ते जमायचं नाही, बाई. घरात येणारं प्रत्येक माणूस माझ्याकडे बघतं आणि गप्प होतं. ही एकटीच आहे जी सकाळी उठून विचारते, बाबा कधी येणार." ती खिडकीकडे पाहत होती. "घरात एका माणसासाठी तरी तो अजून यायचाय. तेवढं तरी राहू दे मला."

मोठ्या बाईंना जन्मभर उत्तर चटकन सुचत आले होते. आज त्यांनी उत्तराऐवजी खाटेची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांना समजले, की ती फार लहान गोष्ट आहे. चारपाच वाक्यांत संपते.

"मग तुम्हाला कधी कळलं?" आईने विचारले.

"कुणी सांगितलंच नाही. एक दिवस आपोआप ठाऊक झालं. पण तोवर एक सवय लागली होती, विचारायचं नाही. ती काही सुटली नाही. आईशीही मग मी कधी धड बोलले नाही." बाई थांबल्या. "तुमची पोर अजून विचारतेय. ती माझ्यावर रागावलीय, ते मी सोसेन. पण सगळ्यांना ठाऊक होतं, हे तिला एक दिवस कळेल. त्यानंतर ती तुम्हाला काहीही विचारणार नाही."

आईने कोरडा ओटाच पुन्हा पुसला. मग म्हणाली, "तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकतात मुलं."

"ऐकतात म्हणूनच तर हे झालं. नाही. तुम्ही सांगायचं. मी इथे बसते."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितले, की आईने पदर खोचावा तसा श्वास आत ओढला आणि जिन्यातून खाली हाक मारली.

भिंगरी वर आली, बाईंना पाहून दारातच अडखळली आणि आईच्या मागे गेली. आई जमिनीवर बसली. तिने लेकीला पुढ्यात घेतले. आणि मग काही केल्या तिच्या तोंडून शब्द फुटेना. मोठ्या बाईंच्या जिभेवर सगळी वाक्ये तयार होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्या गप्प राहिल्या. एवढे कष्टाचे काम त्यांनी कित्येक वर्षांत केले नव्हते.

"बाबा गावाला नाही गेला," आई म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं. बाबा मेला. त्याचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण ते परत चालू झालं नाही."

भिंगरीने आईच्या तोंडाकडे पाहिले, मग बाईंच्या.

"मग त्याला भूक लागली तर?"

"मेलेल्या माणसाला भूक लागत नाही."

"थंडी?"

"नाही वाजत. काही दुखतही नाही."

भिंगरी आईच्या बांगडीवरून बोट फिरवत राहिली. नंतर इतक्या हळू म्हणाली, की दोघींना वाकावे लागले. त्या दिवशी सकाळी तिने बाबाच्या नव्या काचेला हात लावला होता. काचेवर बोटे उठली होती. बाबा तिच्यावर ओरडला होता.

"त्यामुळे नाही," आई म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "अगं त्यामुळे नाही गं राणी. बोटं त्याने पुसून टाकली, आणि जाताना मला म्हणाला, उगाच ओरडलो पोरीवर. त्याचं हृदय आजारी होतं. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही, कुणामुळेच नाही."

आई रडू लागली तशी भिंगरीही रडली. पण थोडा वेळच. मग तिने फ्रॉकने नाक पुसले आणि खाली खेळ अर्धा राहिला आहे, जाऊ का, असे विचारले. आईने गोंधळून बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवली. जिन्यात धाडधाड पावले वाजली आणि लगेच तशीच वर आली. दारातून एक डोके डोकावले.

"उद्यापण मेलेलाच असेल?"

"हो," आई म्हणाली. "उद्यापण. नेहमीच."

डोके तिथेच राहिले. आता त्याची नजर बाईंवर होती. मोठ्या बाईंना कळले, की आता आपली पाळी आहे. चौतीस वर्षांत शेकडो मुलांकडून त्यांनी चुका कबूल करून घेतल्या होत्या. स्वतः कधी करावी लागली नव्हती.

"मी बाबाला पायरीवर उभं केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तो आलाच नव्हता. फोटो असता तरी त्याला येता आलं नसतं. पण तो फोटो मी तुला न विचारता काढला. तुझी चित्रंही काढली. ते माझं चुकलं."

भिंगरीने विचार केला. "मग लावा."

"उद्या तूच लाव. तुला हवा तिथे."

दुसऱ्या दिवशी तिने बाबाचा फोटो लावला, फलकावर नव्हे, तर खाली भिंतीवर, स्वतःच्या डोळ्यांसमोर येईल असा. शेजारी तिची तिन्ही चित्रे लावली, आणि गोंदाची बाटली मोठ्या बाईंनीच धरली. मग त्यांनी मुलांना गोलात बसवले आणि सांगितले, की भिंगरीचा बाबा मेला आहे, भिंगरीला ते ठाऊक आहे आणि त्याच्याबद्दल कुणालाही बोलता येईल, विचारता येईल. वकिलाने ताबडतोब हात वर केला.

"तुम्हीच म्हणालात बोलायचं नाही."

"म्हणाले होते. मी चुकीचं सांगितलं होतं."

ही बातमी बाबाच्या बातमीपेक्षाही मोठी ठरली. चोवीस तोंडे उघडी राहिली. एका मुलीने शेजारच्या मुलीला कानात विचारले, की म्हणजे बाईपण चुकतात? वकिलाला मात्र एवढ्यावर थांबायचे नव्हते. त्यांच्या घरचा मासा मेला होता, त्याने जाहीर केले. कुंडीत पुरला होता. मग दोन दिवसांनी त्याने तो उकरून पाहिला.

"मग?" भिंगरीने विचारले. सकाळपासून तिने उच्चारलेला तो पहिलाच शब्द.

"मासाच होता. पण घाण मासा. मग मी परत पुरला."

भिंगरीने मान डोलावली. तिला ते पटलेले दिसले.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, असे म्हणणे खरे होणार नाही. एका सकाळी तिने वकिलाला चावा घेतला, कारण त्याचा बाबा त्याला सोडायला आला होता. दोनदा तिची चड्डी ओली झाली, जे पूर्वी कधी झाले नव्हते. साडेबारा वाजत आले की ती बाईंजवळ येऊन उभी राही आणि विचारी, बाबा आज का येणार नाही. आणि बाई हातातले काम खाली ठेवून सांगत, कारण तो मेला आहे, आज आई येईल. कधी दिवसातून चार वेळा. मोठ्या बाईंना एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची सवय नव्हती. ती त्यांनी लावून घेतली. मग एक दिवस नवीन आलेल्या मुलीला भिंगरी मोठ्या ऐटीत सांगताना दिसली, "माझा बाबा मेलाय. तुझा?" त्या मुलीने ओशाळून नाही म्हटले. वकिलाने घाईघाईने मध्ये पडून माशाची आठवण करून दिली. पण मासा त्यात धरत नाहीत, असे भिंगरीने त्याला स्पष्ट सांगितले.

आईही सावरत होती. आता ती दारात दोन मिनिटे थांबे. एकदा तिने हसत हसत सांगितले, की घरी रोज जेवताना भिंगरी बाबाची एक गोष्ट मागते. तिच्याजवळच्या सांगून संपल्या, म्हणून काल त्याच्या कामावरच्या मित्राला बोलावून त्याच्याकडून नव्या काढून घेतल्या. बऱ्याच दिवसांनी घरात त्याचे नाव घेतल्यावर कुणी गप्प झाले नाही.

या गोष्टीला दोन महिने होत आले असतील. मोकळ्या खेळाच्या तासाला आतल्या खोलीत नेहमीपेक्षा फार शांतता होती, म्हणून मोठ्या बाई पाहायला गेल्या. मुलांनी चटई अंथरली होती. चटईवर एक बाहुली आडवी होती, तिच्या छातीवर वकील प्लास्टिकचा स्टेथोस्कोप टेकवत होता आणि भोवती पाचसहा मुले गंभीर चेहऱ्यांनी बसली होती. खेळ काय चालला आहे, ते एका नजरेत कळले. असा खेळ दिसला की बाई टाळी वाजवून तो मोडत आणि मुलांना बाहेर अंगणात पिटाळत. त्यांचे हात वरही आले. खिडकीजवळ उभ्या असलेल्या धाकट्या बाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

टाळी वाजली नाही.

"बाई," भिंगरी म्हणाली, "आम्हाला मेलेलं माणूस हवंय. बाहुली फार छोटी आहे."

मोठ्या बाईंनी क्षणभर विचार केला. मग चष्मा काढून त्यांनी तो भिंगरीच्या हाती दिला आणि एक हात भिंतीला लावून, मग गुडघा टेकून, मग कोपर टेकून त्या चटईवर आडव्या झाल्या. वकिलाने त्यांची छाती तपासली आणि हृदय बंद आहे, असे जाहीर केले. खूप खटपट केली, तोही म्हणाला. बाईंचे ओठ हलले, तशी भिंगरीने ताकीद दिली, "हसू नका. मेलेल्या माणसाला हसता येत नाही."

कुणीतरी त्यांच्या अंगावर चादर घातली. ती पायांना पुरेना, म्हणून पायांवर टॉवेल आला. नंतर भिंगरी म्हणाली, की आता प्रत्येकाने बाईंची एक गोष्ट सांगायची, घरी आम्ही सांगतो तशी. थोडी कुजबुज झाली. एक म्हणाली, बाईंना स्वच्छ भिंत आवडायची. दुसरी म्हणाली, त्या ओरडायच्या, पण नंतर पाणी द्यायच्या. एकदा चुकल्या होत्या, वकील म्हणाला, फक्त एकदा. चादरीखाली मोठ्या बाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या डोक्याशी एक लहानसा हात आला आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवरून सावकाश फिरू लागला.

"हिला आता भूक लागणार नाही," भिंगरी कुणाला तरी समजावत होती. "थंडी पण नाही. पण आपल्याला आठवण येईल. आली की सांगायचं."

बाहेर मावशींनी हात धुवायची घंटा वाजवली. खेळ संपला, तशी मुले एकमेकांना ढकलत नळाकडे पळाली. अंगावरची चादर, टॉवेल, स्टेथोस्कोप सगळे तिथेच राहिले. धाकट्या बाई मदतीला पुढे आल्या, तेव्हा मोठ्या बाईंनी चटईवरूनच हाताने त्यांना थांबवले.

"उठा बाई," भिंगरी म्हणाली. "तुमचं खोटं होतं."

"उठते. वेळ लागेल जरा."

"लागू दे."

मोठ्या बाई कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या, थांबून त्यांनी श्वास घेतला. नळावर मुलांचा दंगा चालला होता आणि भिंगरीची पाळी टळून जात होती. ती गेली नाही. दोन्ही हातांत चष्मा धरून ती चटईच्या कडेला उभी राहिली आणि बाई पुरत्या उभ्या राहीपर्यंत पाहत राहिली.